नोकरीची शाश्वती : मुळशीतील स्थानिक आणि स्थलांतरित कामगार

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुट मागे पडले की घोटावडे फाटा लागतो. या फाट्यावरून निघणारा रस्ता घोटावडे गावातून पुढे माण आणि हिंजवडीकडे जातो. एका अंगास पिरंगुट, भरे, उरवडे या परिसरातील लहानमोठे कारखाने, दुसऱ्या अंगास हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि मधे मुळेच्या खोऱ्यातील भातखाचरे, अशी या गावाची आजची स्थिती आहे. आंबेमोहोर तांदळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात आता पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर मराठीइतकीच हिंदीही कानी पडते. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशा या राज्यांतून आलेले कामगार येथे आहेत. लातूर, बीड, नांदेड, परभणीकडून आलेले आहेत आणि गावातलेही आहेत.

या परिसरात दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. स्थानिक तरुण म्हणतो की जमिनी आमच्या गेल्या आणि नोकऱ्या बाहेरच्यांना मिळाल्या. बाहेरून आलेला कामगार म्हणतो की काम आहे तोवर राहायचे, उद्याचा भरवसा नाही. वरवर पाहता या तक्रारी परस्परविरुद्ध आहेत. वस्तुतः दोन्ही एकाच व्यवस्थेतून निघाल्या आहेत, आणि ती व्यवस्था नीट समजून घेतल्यावाचून पहिल्या तक्रारीला उत्तर मिळणार नाही आणि दुसरीलाही नाही.

मुळशीकर स्वतः स्थलांतरित होते

या प्रश्नाचा विचार करताना एका गोष्टीचा सहसा विसर पडतो. मुळशी तालुक्यातील माणूस रोजगारासाठी घर सोडण्यास नवखा नाही. मुळा नदीवर टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. सत्याग्रहाला यश आले नाही. धरण झाले, जमीन पाण्याखाली गेली आणि अनेक कुटुंबांना पोटासाठी बाहेर पडावे लागले. त्या आधी आणि नंतरही मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील तरुण मुंबईची वाट धरीतच होते. एक पीक भाताचे, त्यानंतर शेतीत काम नाही; तेव्हा मुंबई हाच आधार. कोणी गोदीत हमाल झाला, कोणी भाजीबाजारात पाटी उचलू लागला, कोणी डबेवाला झाला.

मुंबईच्या कापडगिरण्यांत त्या काळी भरती होत असे ती जॉबरच्या हातून. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातील माणसे आणी, त्यांच्याकडून दस्तुरी घेई आणि त्याची मर्जी फिरली की माणूस घरी बसे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने जॉबरच्या हातून भरतीचे अधिकार काढून घ्यावेत असे सुचविले होते. गिरण्यांत कायम कामगारांखेरीज ‘बदली’ कामगारांचा मोठा वर्ग असे. हा कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही; कोणाचा खाडा पडला तर त्याला काम, नाही तर परत. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्या संपातून उद्योग पुन्हा सावरलाच नाही. तेव्हा कायम कामगाराची कायमी नोकरीही गेली. बदलीवाल्याला तर गमावण्यासाठी कागदसुद्धा नव्हता.

आज पिरंगुटच्या रस्त्यावर मजूर पुरविणारा ठेकेदार आणि जुना जॉबर यांच्यात फरक एवढाच की जॉबर गिरणीचा नोकर होता. ठेकेदार हा कागदोपत्री स्वतंत्र मालक असतो. या एका फरकाने कायद्याच्या दृष्टीने बरेच काही बदलते.

स्थानिक माणसाचे काम कसे जाते

कारखान्याला माणसे हवी असतात ती मागणीनुसार. मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्याकडे दिवाळीपूर्वी मागणी वाढते आणि नंतर उतरते. मालकाने या चढउताराप्रमाणे स्वतःच्या पटावर माणसे घेतली, तर त्यांना कमी करताना नोटीस, भरपाई आणि कधी कधी शासनाची परवानगी लागते. म्हणून पटावर थोडी माणसे ठेवायची आणि उरलेली ठेकेदाराकडून घ्यायची, हा मार्ग सर्वत्र रूढ झाला. देशातील संघटित कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत या शतकाच्या प्रारंभी कंत्राटी कामगारांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याइतके होते. २०२३-२४ च्या पाहणीत ते ४० टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे यंत्रावर उभ्या असलेल्या पाच जणांपैकी दोघे आता दुसऱ्या कोणाचे तरी नोकर आहेत.

ठेकेदार माणसे निवडताना काय पाहतो? जो जागेवर राहील, बारा तासांच्या पाळीला नाही म्हणणार नाही आणि मधेच गावी जाणार नाही, तो त्याला सोयीचा. घोटावड्याचा तरुण घरी राहतो. आषाढात भाताची लावणी आली की त्याला चार दिवस खाचरात उतरावे लागते. गावची जत्रा, सोयऱ्यांकडील लग्न, आजारी आईवडील हे सारे त्याच्या मागे असते. शिवाय त्याला आसपासची माणसे ओळखतात, सरपंचापासून आमदारापर्यंत त्याची दाद पोहोचू शकते, आणि चार जण एकत्र येऊन संघटनाही करू शकतात. कारखानदाराच्या हिशेबात हे सारे त्याच्या विरुद्ध जाते. ‘स्थानिक मुले काम करीत नाहीत’ असे जे सरसकट म्हटले जाते, त्यात आळसापेक्षा या हिशेबाचा भाग मोठा आहे. ज्या कामाला पंधरा वर्षांनी तोच पगार आणि तेच ठेकेदाराचे ओळखपत्र आहे, त्या कामाला जमीनधारक कुटुंबातील मुलगा नाखूष असला तर त्यात नवल नाही.

जमीन विकून आलेल्या पैशातून अनेकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, टेम्पो आणि मोटारी घेतल्या, काहींनी स्वतःच मजूर पुरविण्याचे काम सुरू केले. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे. ज्या गावात परप्रांतीयांबद्दल तक्रार आहे त्याच गावाचे उत्पन्न परप्रांतीयांच्या खोलीभाड्यावर उभे आहे, आणि त्यांना कामावर आणणारा ठेकेदार कित्येकदा गावकरीच असतो.

बाहेरून आलेल्याचे काम कसे जाते

स्थलांतरित कामगाराची अवस्था याच नाण्याची दुसरी बाजू आहे. तो बहुधा गावच्याच कोणा मुकादमाच्या ओळखीने येतो. येताना उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. मुकादमाशी बिनसले तर काम आणि राहती खोली एकदमच जाते, कारण खोलीही त्याच्याच नावावर असते. पगाराची चिठ्ठी नाही, नेमणुकीचा कागद नाही, आणि ज्या कारखान्यात तो दोन वर्षे राबला त्याच्या दप्तरात कदाचित त्याचे नावही नाही.

या अदृश्यतेची किंमत २०२० साली कळली. २५ मार्च २०२० रोजी देशभर संचारबंदी लागू झाली आणि कारखाने बंद पडले. काम बंद असले तरी मजुरांना वेतन द्यावे, असा आदेश केंद्र शासनाने मार्चअखेर काढला होता; मे महिन्यात तो संपुष्टात आला. तो लागू होता तेव्हाही त्याचा उपयोग ज्याचे नाव हजेरीपटावर होते त्यालाच. इतरांनी पायी घरची वाट धरली. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपी गेलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. १ मेपासून सुरू झालेल्या श्रमिक विशेष गाड्यांनी देशभरात सुमारे ६३ लाख प्रवासी आपापल्या राज्यांत पोहोचविले.

त्याच काळात मुंबईची उपनगरी रेल्वे सामान्य प्रवाशांसाठी बंद राहिली आणि मुळशी-मावळातील डबेवाले गावी परतले. शंभरहून अधिक वर्षे ज्यांचे काम थांबले नव्हते, अशी ज्यांची ख्याती, ते भातशेतीकडे वळले. पुढे रेल्वे सुरू झाली, पण कार्यालये घरूनच चालू लागल्याने डबेवाल्यांची संख्या पूर्वीइतकी झाली नाही. बिहारचा मजूर पिरंगुटहून गावी गेला आणि मुळशीचा डबेवाला मुंबईहून गावी आला, हे एकाच उन्हाळ्यात घडले.

परप्रांतीय गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागा भूमिपुत्रांना मिळाव्यात म्हणून महाराष्ट्र शासनाने ६ जुलै २०२० रोजी ‘महाजॉब्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर नोंदणीसाठी राज्याचे अधिवास प्रमाणपत्र मागितले जात असे. नोंदणी भरपूर झाली. कामाचे स्वरूप मात्र तेच राहिले, आणि काही महिन्यांत बाहेरचे कामगारही परतू लागले.

‘स्थानिक’ म्हणजे कोण?

उद्योगांना सवलती देताना पर्यवेक्षकीय पदांत किमान ५० टक्के आणि इतर पदांत किमान ८० टक्के स्थानिक व्यक्ती असाव्यात, हे महाराष्ट्राचे धोरण जुने आहे. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयाने त्याचा पुनरुच्चार झाला. परंतु येथे ‘स्थानिक’ शब्दाचा अर्थ गावच्या बोलीतील अर्थापेक्षा वेगळा आहे. महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती ती स्थानिक. या व्याख्येने घोटावड्याचा तरुण जेवढा स्थानिक, तेवढाच गडचिरोलीहून आलेलाही स्थानिक. आणि वीस वर्षांपूर्वी गोरखपूरहून येऊन पिरंगुटला स्थायिक झालेला कामगारही त्यातच येतो. जमीन देणाऱ्या गावाला ८० टक्क्यांचे आश्वासन मिळाले, असे जे समजले जाते ते म्हणूनच पूर्णतः खरे नाही.

यापेक्षा कडक कायदा करावा, अशी मागणी वेळोवेळी होते. हरियाणाने २०२० साली खाजगी नोकऱ्यांत राज्यातील रहिवाशांना ७५ टक्के राखीव जागा देणारा कायदा केला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरविला. देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा, वसण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. याच हक्काच्या बळावर मुळशीचा माणूस मुंबईत, आणि कोकणातला माणूस पार कोलकात्यापर्यंत, गेला हेही ध्यानात घेतले पाहिजे.

शिवाय टक्केवारी पूर्ण झाली तरी नोकरीची शाश्वती येत नाही. तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४०० हून अधिक कामगारांना कामावरून दूर करण्याची नोटीस मिळाली. त्यात पटावरचे, संघटनेचे सभासद असलेले मराठी कामगार होते. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तर संघटना आणि पट हे शब्दच परके आहेत. देशातील या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. तेथे एक अभियंता कमी झाला की त्याच्यामागे खानावळीतला वाढपी, गाडीचा चालक आणि सफाईचे काम करणारी बाई यांचेही काम हलते. ही मंडळी घोटावडे, माण, मारुंजी या आसपासच्या गावांत राहतात.

उरवड्याची आग

नोकरीच्या असुरक्षिततेचा जिवाच्या सुरक्षिततेशी संबंध असतो. ७ जून २०२१ रोजी दुपारी उरवडे येथील रसायनांच्या कारखान्याला आग लागली आणि १७ कामगारांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बहुसंख्य महिला होत्या. मृतदेहांची ओळख पटविण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली. आगीच्या कारणांची चौकशी आणि त्याबाबतची न्यायालयीन प्रक्रिया हा वेगळा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की ज्याला उद्या कामावरून काढता येते तो आज ‘हे काम धोक्याचे आहे’ असे सहसा म्हणत नाही. बाहेर पडण्याची वाट अडलेली आहे, जवळच ज्वालाग्राही माल रचला आहे, हे दिसत असूनही तो गप्प राहतो. अशा दुर्घटनेनंतर वारसांना भरपाई मिळते तीही मृत व्यक्ती त्या ठिकाणी नोकरीस होती हे सिद्ध झाल्यावर. कामगार राज्य विमा योजनेत नोंद असेल तर कामावर मृत्यू पावलेल्याच्या अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते. त्यामुळे विमा क्रमांकाची एक ओळ ही त्या कुटुंबाच्या पुढील वीस वर्षांचा प्रश्न असते.

कायदा : कालचा आणि आजचा

कामगारांच्या शाश्वतीसाठी स्वातंत्र्यानंतर झालेल्या कायद्यांत ‘२४० दिवस’ हा आकडा सर्वांत परिचित. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगारास कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन देणे १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी २४० दिवस पूर्ण केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद केली. त्यावर कारखान्यांनी शोधलेला उतारा सर्वांना ठाऊक आहे : सातव्या महिन्यात ‘सेवाखंड’. वर्षानुवर्षे कामगारांना तात्पुरते ठेवून कायमपणापासून वंचित करणे ही अनुचित प्रथा होय, असे राज्याने १९७१ च्या अधिनियमात नमूद केले. पण तोवर ठेकेदाराचा मार्ग खुला झाला होता. ठेकेदाराच्या माणसाचे २४० दिवस ठेकेदाराच्या खात्यावर जमा होतात; आणि ठेकाच संपला तर दाद मागायची कोणाकडे?

१९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने शासनाला ठराविक कामांत कंत्राट पद्धती बंद करण्याचा अधिकार दिला. अशी बंदी आल्यावर कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात काय, हा प्रश्न तीस वर्षे गाजला. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात त्याचे उत्तर नकारार्थी दिले. ठेका केवळ देखावा होता असे सिद्ध झाले तरच कामगार मूळ मालकाचा ठरतो. हा अधिनियम २० कामगारांच्या ठेक्यास लागू होता. महाराष्ट्राने ती संख्या २०१७ च्या प्रारंभापासून ५० केली. पिरंगुटसारख्या लहान कारखान्यांच्या परिसरात या बदलाचा अर्थ किती मोठा, हे वेगळे सांगावयास नको.

परराज्यातून ठेकेदाराने आणलेल्या मजुरांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासपुस्तिका, प्रवासखर्च आणि मासिक वेतनाच्या निम्मा विस्थापन भत्ता, अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. २०२० सालच्या आपत्तीत हा कायदा अस्तित्वात होता. त्याखाली नोंद झालेले मजूर मात्र अगदी थोडे होते.

आता हे सारे केंद्रीय कायदे चार श्रमसंहितांत विलीन झाले असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अंमलात आल्या आहेत. घोटावडे परिसरातील कामगाराच्या दृष्टीने त्यांतील काही तरतुदी पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. कामावरून कमी केल्यास किंवा राजीनामा दिल्यास देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावयाचे आहे. ठेकेदाराने वेतन बुडविले तर ते मूळ मालकाने द्यावयाचे, हे जुने तत्त्व कायम आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी १५ दिवसांचे वेतन पुनःकौशल्य निधीत मालकाने भरावयाचे व ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर यावयाचे, ही तरतूद नवी आहे. आंतरराज्य स्थलांतरिताच्या व्याख्येत आता ठेकेदाराविना स्वतःहून आलेला कामगारही समाविष्ट झाला. पूर्वी तो कायद्याच्या कक्षेतच नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कपात व कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू होते. आता ते ३०० पासून लागू होते. स्थायी आदेशांचीही मर्यादा ३०० झाली. महाराष्ट्रात ती ५० होती. मुळशीतील बहुसंख्य कारखाने या रेषेच्या खाली राहतील. मुदतबंद नोकरीला कायद्याने पूर्ण मान्यता मिळाली आहे. मुदतबंद कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व सोयी मिळतात आणि एका वर्षानंतर उपदानाचा हक्कही मिळतो. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे लागत. हा निःसंशय लाभ आहे. पण मुदत संपली म्हणून घरी जाणे ही कायद्याच्या भाषेत कपात नव्हे, आणि अशी नेमणूक किती वेळा नूतन करावी याला संहितेत मर्यादा नाही. जुना सेवाखंड गेला आणि त्याच्या जागी तारीख आली.

एक वर्ग या सर्वांतून निसटला आहे. बीडहून किंवा लातूरहून आलेला कामगार आंतरराज्य नाही, म्हणून स्थलांतरितांच्या तरतुदी त्याला लागू नाहीत; आणि तो घोटावड्याचाही नाही, म्हणून गावाच्या शब्दाचा आधार त्याला नाही. त्याची अडचण परप्रांतीयाइतकीच, परंतु तिच्यासाठी शासकीय नोंदवहीत रकाना नाही. देशातील स्थलांतराचा फार मोठा भाग राज्याच्या सीमेच्या आतच होतो, हे जनगणनेवरून दिसते.

माथाडीचा धडा

ज्या कामात मालक रोज बदलतो त्या कामाला शाश्वती देता येते काय? महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले आहे. मुंबईच्या बाजारांत आणि गोदामांत पाठीवर ओझी वाहणारे सातारा, पुणे, अहमदनगरकडचे हमाल हेही स्थलांतरितच होते. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम झाला. त्याची रचना साधी आहे. मंडळाकडे मालकही नोंदवायचा आणि कामगारही. मालक मजुरी व त्यावरील अधिभार मंडळात भरतो. मंडळ कामगाराला वेतन देते आणि अधिभारातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा, वैद्यकीय मदत भागविते. कामगार आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर काम करतो, पण त्याची सेवा तुटत नाही. कारण ती मालकाला जोडलेली नसून मंडळाला जोडलेली आहे. गाव, जिल्हा, प्रांत हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. १९८१ मध्ये याच धर्तीवर खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. अलीकडे औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांमुळे या कायद्याची बदनामी झाली, ही दुर्दैवाची गोष्ट. कायद्यातील मूळ कल्पनेशी त्या टोळ्यांचा काही संबंध नाही.

राज्याच्या इतर योजनांतही या कल्पनेचा अंश आढळतो. इमारत व बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात मागील वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. ठेकेदार कितीही बदलले तरी लाभ चालू राहतात. भविष्य निर्वाह निधीचा एकच सार्वत्रिक क्रमांक २०१४ पासून कामगाराबरोबर फिरतो. शिधापत्रिकाही आता फिरती झाली आहे : ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात तिचा प्रारंभ झाला आणि पुढे ती देशभर पसरली. त्यामुळे बिहारची शिधापत्रिका असलेला कामगार पिरंगुटच्या रास्त भाव दुकानातून आपला वाटा उचलू शकतो. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीत ऑगस्ट २०२१ पासून ३० कोटींहून अधिक नावे आली. पण तिच्यामागे माथाडी मंडळासारखी वेतन हाती घेणारी यंत्रणा नाही, ती मुख्यतः यादी आहे.

तरुणांसाठी राज्याने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत प्रथम सहा महिने होती, नंतर ती अकरा महिने झाली. मुदत संपताच प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी केली, ती अपेक्षितच होती. प्रशिक्षणाचा कागद हाती येतो, नोकरीचा येत नाही.

कागद कोणता सांभाळावा

नेमणूकपत्र, दरमहाची वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि राज्य विम्याचा क्रमांक, हे चार कागद ज्याच्यापाशी आहेत त्याला कामगार आयुक्तालयात किंवा न्यायालयात आपले म्हणणे मांडता येते. नेमणूकपत्र मिळाले नसेल तर बँकेत जमा झालेले वेतन, फाटकावरील प्रवेशपत्र, राज्य विम्याची पावती यांचाही पुरावा चालतो. वेतन रोख घेतले जात असेल तर ते बँकेतून मागावे. ठेकेदार बदलला आणि काम तेच राहिले, तर निधीचा क्रमांक तोच चालू ठेवावा. नव्या क्रमांकाने जुनी सेवा कागदावरून पुसली जाते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे जुळविणे अवघड होते.

आणखी एक बाब फार थोड्यांना माहीत असते. सलग सेवेच्या व्याख्येत मंजूर रजा, आजारपण व अपघात यांनी सेवा खंडित होत नाही. बिनमंजुरीच्या खाड्याबाबत मात्र वाद उत्पन्न होतो. घोटावड्याचा कामगार भातलावणीसाठी आणि बिहारचा कामगार छटपूजेसाठी किंवा घरच्या पिकाच्या कापणीसाठी गावी जातो, तो बहुधा मुकादमाला तोंडी सांगून. परतल्यावर ‘तू आपण होऊन काम सोडलेस’ असे त्याला ऐकविले जाते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. जाण्यापूर्वी दोन ओळींचा रजेचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घेतली, किंवा मोबाइलवरून संदेश पाठवून तो जपून ठेवला, तर हा वाद तेथेच थांबतो. रजेचा अर्ज कारखान्याच्या आणि ठेकेदाराच्या, अशा दोन्ही नावांनी लिहावा.